राजघाट ते नवी मुंबई : फिरत्या पाळणाघराची वाटचाल

1969 साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम जोरात चालले होते. गावाकडून आलेली मजूर कुटुंबे दिवसभर माती उपसत होती, खडी वाहत होती. तिथे गेलेल्या मीरा महादेवन यांना उन्हात, धुळीत, बांधकामाच्या राड्यारोड्यात ठेवलेले एक तान्हे मूल दिसले. त्याची आई जवळच कामावर होती. मुलाला घरी ठेवायला घर नव्हते आणि सांभाळायला माणूस नव्हते. मीराबाईंनी त्याच जागी एक तंबू उभा करवला आणि मजूर बायांची मुले दिवसभर तिथे सांभाळायला सुरुवात केली. 'मोबाइल क्रेशेस' या संस्थेचा जन्म त्या तंबूत झाला. देविका सिंह त्यांच्या सहसंस्थापक.

मीराबाईंचे घर गांधीविचाराशी जोडलेले होते. पती टी. के. महादेवन हे 'गांधी मार्ग' या नियतकालिकाचे संपादक. मीराबाईंच्या माहेरची मुळे मात्र आपल्या बाजूची. जन्मनाव मिरियम, समाज बेने इस्रायली. शेकडो वर्षे कोकणपट्टीत राहिलेला, घरात मराठी बोलणारा, तेलाच्या घाण्यावर पोट भरणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज पनवेलकरांना परका नाही. आपल्या गावातले बेथ एल सिनेगॉग 1849 सालचे आहे. मीराबाईंची 'अपना घर' ही 1961 सालची हिंदी कादंबरी याच समाजाच्या जीवनावर आहे. दिल्लीत सुरू झालेल्या कामाचा इतिहास पनवेलच्या स्मरणिकेत का, असे कुणी विचारले तर हे एक कारण सांगता येईल. दुसरे कारण मोठे आहे. गेली पन्नास वर्षे आपला हा सगळा परिसर म्हणजेच एक अखंड बांधकाम आहे.

तंबूत तान्ही मुले आली, तशी त्यांना कडेवर घेऊन आलेली सात-आठ-नऊ वर्षांची भावंडेही आली. त्यात बहुतेक बहिणी. संस्था निघाली होती तान्ह्यांसाठी. पण बाळ आत घेऊन त्याच्या ताईला दारातून परत पाठवायचे, तर ती जाणार कुठे? तिची आई तिसऱ्या मजल्यावर, बाप सळई वाकवतोय, झोपडीला दार नाही. या मुलींनाही आत घ्यायचे, असे संस्थेने ठरवले. या संस्थेच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय माझ्या मते हाच. त्यातून कामाचे तीन भाग पडले : तीन वर्षांपर्यंतच्यांसाठी पाळणाघर, तीन ते सहाच्यांसाठी बालवाडी आणि सहाच्या पुढच्यांसाठी अभ्यासाचा वर्ग. हा तिसरा भाग लोकांच्या फारसा लक्षात येत नाही, म्हणून या लेखात मी त्याच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

बांधकामावरच्या कुटुंबात आईच्या हजेरीची किंमत थोरली मुलगी देते. आई कामावर गेली की बाळाला पाजायला वेळेवर आईपाशी नेणे, त्याला झोपवणे, पाणी भरणे, चुलीपाशी बसणे हे सगळे तिच्याकडे येते. शाळेत तिचे नाव असले तरी ती शाळेत नसते. म्हणजे बाळासाठी पाळणाघर काढले की थोरलीची शाळा आपोआप सुरू होण्याची वाट मोकळी होते. पण 'आपोआप' हा शब्द फसवा आहे. शाळा चार-साडेचार तासांची. ती सुटल्यावर मुलगी परत साइटवरच येते. तिथे उघडी लिफ्टची डक्ट आहे, पाण्याची टाकी आहे, वर परांची बांधलेली आहे, आणि संध्याकाळी सहापर्यंत आई खाली उतरणार नाही. म्हणून शाळेतून परतलेल्या मुलांना केंद्रात जागा हवी, जेवण हवे, अभ्यासाला बसवणारी ताई हवी. हे नसेल तर चार दिवसांत ती पुन्हा बाळ घेऊन झोपडीत बसलेली दिसते.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नव्हता. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथल्या आदिवासी पाड्यांत त्यांना आणि अनुताई वाघांना हेच दिसले होते : मूल शाळेत येत नाही, कारण घरी धाकटे आहे, किंवा येत नाही, कारण गुरे चारायची आहेत. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी 'विकासवाडी' केली आणि गुराख्यांच्या मागे रानात जाणारी कुरणशाळा काढली. मुलाला शाळेच्या वेळापत्रकात बसवण्याआधी त्याच्या घरच्या कामाचे वेळापत्रक त्यांनी पाहिले. मोबाइल क्रेशेसने हेच शहरात, सिमेंटच्या धुळीत केले. दोन कामांची भाषा वेगळी, माणसे वेगळी. दोघांनी एकमेकांकडून काय घेतले याचा हिशोब मांडायची गरज नाही, पण मराठी वाचकाने कोसबाडची आठवण ठेवावी.

1972 साली संस्था मुंबईत आली. ते साल महाराष्ट्र विसरलेला नाही. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे विहिरी आटल्या, गुरे विकली गेली आणि माणसे मिळेल त्या गाडीने मुंबईला निघाली. ज्यांना गिरणीत ओळख नव्हती त्यांनी घमेले उचलले. त्याच काळात नरिमन पॉइंट आणि कफ परेडच्या भरावावर मजल्यांवर मजले चढत होते. एका बाजूला शहर समुद्रात घुसत होते आणि ते घुसवणाऱ्या बाईचे मूल रेतीच्या ढिगावर झोपत होते.

काम कसे चालते हे थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण 'पाळणाघर' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंगीत भिंतींचा फ्लॅट येतो. इथे बांधकाम करणाऱ्या कंपनीशी आधी बोलणे होते. जागा, वीज, पाणी त्यांनी द्यायचे आणि खर्चाचा काही भाग उचलायचा. शिक्षिका, आहार, औषधपाणी आणि रोजची देखरेख संस्थेने पाहायची. जागा म्हणजे कधी पत्र्याची शेड, कधी तळमजल्यावरचा गिलावा न झालेला गाळा. केंद्र आठवड्यातून सहा दिवस, मजुरांच्या पाळीशी जुळेल असे दिवसभर उघडे राहते. सकाळी मुलांचे हातपाय धुणे, नखे, केस. मग नाश्ता, दुपारी जेवण. तान्ह्यांना पाजायला आया कामावरून मध्येच उतरून येतात. मुलांचे वजन नियमाने होते, कुपोषित मुलाची वेगळी नोंद राहते, डॉक्टर येतात, लसीकरण राहिले असेल तर पुरे करून घेतले जाते.

आणि मग इमारत पूर्ण होते. रंगकाम आले की मजुरांच्या झोपड्या हलतात, ठेकेदार टोळी दुसरीकडे नेतो आणि केंद्र बंद होते. पाळणे, खेळणी, भांडी, फळा टेम्पोत चढवून नव्या साइटवर जातात. संस्थेच्या नावातले 'मोबाइल' हे असे आहे. आज आपल्या हातातल्या फोनमुळे त्या शब्दाचा अर्थ बदलला. अंगणवाडी एका जागी घट्ट उभी असते. 1975 साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना वस्तीच्या यादीवर चालते, आणि साइटवरचे कुटुंब कोणत्याच यादीवर नसते. पाळणाघरानेच कुटुंबामागे जायचे, हा त्यावरचा उपाय. तो पुरेसा मात्र नाही. टोळी हलली की त्यातली काही कुटुंबे केंद्र नसलेल्या साइटवर जातात आणि दीड वर्ष वाढवलेले, वजन भरलेले, गाणी म्हणणारे मूल दिसेनासे होते. या कामातल्या ताईंना सर्वांत कठीण काय जाते, तर हे.

सहाच्या वरच्या मुलांचे काम तर आणखी गुंतागुंतीचे. एकाच खोलीत गुलबर्ग्याकडची कन्नड बोलणारी, नांदेडची मराठी बोलणारी, मालदा किंवा झारखंडकडची मुले. कुणी गावी दुसरीत होते, कुणी शाळेचे तोंडच पाहिलेले नाही, आणि वय दहा. आधी त्यांना शाळेत बसण्याइतके लिहा-वाचायला शिकवायचे, मग जवळच्या पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत न्यायचे. तिथे दाखला विचारला जातो, जन्माचा पुरावा विचारला जातो. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणूनही अडवता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आहे. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्राने शिक्षण हमी कार्डही काढले. कायद्याचा कागद आणि शाळेची खिडकी यांमधले अंतर बिगारी काम करणारा बाप एका दिवसाची मजुरी बुडवून पार करू शकत नाही. ते अंतर ताई पार करते. तिला त्या भागातल्या मुख्याध्यापकांची नावे पाठ असतात.

प्रवेश झाला की काम संपले, असे शाळेच्या पटावर वाटते. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्षाचे तास मोजून दिले आहेत : पहिली ते पाचवीसाठी किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीसाठी 220 दिवस आणि 1,000 तास. म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलासाठी सरासरी रोजचे चार तास. आईचा दिवस प्रवास धरून दहा-बारा तासांचा. शिवाय शाळेचे 200 दिवस वगळले तर वर्षातले 165 दिवस उरतात. त्यातले मे महिन्याचे दिवस सर्वांत वाईट. शाळेला सुट्टी, पण पावसाळ्याआधी स्लॅब उरकायचा म्हणून साइटवर कामाची सर्वांत जास्त घाई तेव्हाच. या उरलेल्या तासांत आणि दिवसांत मूल कुणाचे, याला शिक्षण खाते उत्तर देत नाही. ते त्याचे काम नाही, असे त्याला वाटते.

मग कामगार खाते? तिथले आजवरचे सगळे कायदे काढून पाहा. 1948चा कारखाने कायदा : तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, सहा वर्षांखालील मुलांसाठी. कंत्राटी कामगारांसाठीचे 1971चे केंद्रीय नियम : वीस स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले. 1996चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, कलम 35 : पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले. 2005चा रोजगार हमी कायदा : कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले, त्याच्या मार्गदर्शक सूचनांतही सहा महिने ते सहा वर्षे. केंद्राची 'पाळणा' योजना, तिथेही तेच वय. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने एक चांगली गोष्ट केली, पन्नास स्त्रिया मोजण्याऐवजी पन्नास कामगार मोजायला सांगितले. बापही त्या मोजणीत आला. पण मुलाचे वय तिथेही सहाच राहिले.

पन्नास बायांची जुनी अट बांधकामावर कशी चालत असे, तेही सांगून टाकतो. एका साइटवर दोनशे बाया दिसतील, पण सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, विटांचा वेगळा, पाणी मारणाऱ्यांचा वेगळा. प्रत्येकाच्या हजेरीबुकात पंधरा-वीसच नावे, त्यातही पुष्कळ ठिकाणी नवरा-बायकोची जोडी एका नावावर. कायदा मोडल्याशिवाय पाळणाघर टाळता येई.

कायदे करणाऱ्यांचा समज असा दिसतो की सातव्या वर्षी मूल शाळेत गेले म्हणजे सांभाळले गेले. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून महाराष्ट्राचे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. वर्षातले नव्वद दिवस काम केल्याचा दाखला देणाऱ्या कामगाराची तिथे नोंदणी होते, आणि त्याच्या मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला 2,500 रुपये, आठवी ते दहावी 5,000 रुपये मिळतात. हजेरी 75 टक्के हवी. ही मदत चांगलीच आहे. पण मुलीची 75 टक्के हजेरी ज्यामुळे लागेल ती गोष्ट, म्हणजे दुपारनंतर थांबायची जागा, त्या यादीत नाही. पैसे बापाच्या खात्यावर, आणि मुलगी साइटवर. मंडळाकडे निधी आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातून प्रत्येक मोठ्या साइटवर सहा ते चौदाच्या मुलांसाठी खोली आणि ताई देता येईल, ही मागणी या क्षेत्रातल्या सर्वांनी मिळून लावून धरायला हवी.

आता पनवेल. 1852ची नगरपालिका असलेले, तांदळाच्या बाजाराचे, वाड्यांचे हे गाव. 1970 साली सिडको आली, नवीन पनवेल, कळंबोली, खारघर, कामोठे आखले गेले. 1998 साली लोकल पनवेलला पोचली. त्यानंतर जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले : भातशेतीत आधी मुरूम पडला, मग पत्रे लागले, मग टॉवर. 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका झाली. उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून विमानतळ उभा राहिला आणि 2025च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या आसपास आता नव्या शहरांचे आराखडे आहेत. नवी मुंबईच्या या वाढीबरोबर फिरत्या पाळणाघराची केंद्रेही खाडी ओलांडून इकडच्या बांधकामांवर आली. मुंबईचे काम तोवर 'मुंबई मोबाइल क्रेशेस' या स्वतंत्र संस्थेकडे आले होते. पुण्यातही 'तारा मोबाइल क्रेशेस' म्हणून वेगळे काम उभे राहिले.

पण जितक्या साइट, तितकी केंद्रे नाहीत, जवळपासही नाहीत. मोठ्या कंपनीची दहा टॉवरची वसाहत असेल तर केंद्राची बोलणी तरी होऊ शकतात. करंजाडे, विचुंबे, उसर्लीसारख्या ठिकाणी सात मजल्यांची एकेक इमारत वेगवेगळ्या बिल्डरची, मजूर दहा-पंधरा, आणि सकाळी नाक्यावरून उचललेले. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला कुठल्या साइटवर जायचे हे आठ वाजेपर्यंत माहीत नसते. तिच्या मुलाला साइटवरचे केंद्र उपयोगाचे नाही. त्याला वस्तीतले, रोज एकाच जागी उघडणारे केंद्र हवे. टाऊनशिप आणि नाका या दोन बांधकामांना दोन वेगळी उत्तरे लागतील, आणि दुसरे अजून कुणी नीट शोधलेले नाही.

तयार झालेल्या त्याच टॉवरमध्ये जे राहायला येतात, त्यांचा प्रश्न वरवर फार वेगळा दिसतो. पनवेल ते सीएसएमटी सव्वा ते दीड तास. सकाळी सातला निघालेली आई संध्याकाळी साडेसातला घरी. आजी-आजोबा गावी, शेजारी नवे. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत पाळणाघर मिळते. पहिलीत गेले की बरेचजण ते बंद करतात, कारण आता शाळा आहे, मग ट्यूशन, मग कुठला तरी क्लास, आणि मधल्या वेळात किल्ली शेजारच्या काकूंकडे. नऊ वर्षांचे मूल दुपारी एकला दार उघडून आत जाते, मायक्रोवेव्हमध्ये डबा गरम करते आणि फोनवर आईला सांगते की जेवलो. पैसेवाल्यांची समस्या म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये. त्या मुलाच्या एकटेपणाची आणि साइटवरच्या मुलीच्या धोक्याची बरोबरी मी करत नाही. पण दोघांना एकाच गोष्टीने एकटे पाडले आहे, शाळेची घंटा आणि आईची सुट्टी यांमधल्या तासांना मालक नाही.

8 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप व्हावी हा हेतू योग्य होता. पनवेलच्या पालकांच्या घरात मात्र त्याने सकाळचीही दोन तासांची पोकळी तयार केली. पहाटेची शाळा होती तेव्हा आई मुलाला बसमध्ये बसवून गाडी पकडत होती. मुलांसाठी केलेला निर्णय मुलांच्या पूर्ण दिवसाकडे पाहून झाला असता, तर त्याबरोबर सकाळी सातपासून शाळेचा एक वर्ग उघडा ठेवण्याची तरतूदही आली असती.

खाजगी पाळणाघरांबद्दलही आपल्या तालुक्याने एक धडा घेतला आहे. 2016च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. चर्चा कॅमेऱ्यांची झाली, परवान्यांची झाली. फिरत्या पाळणाघराचा अनुभव असा की कॅमेऱ्याआधी सांभाळणाऱ्या बाईचे प्रशिक्षण, तिच्या वाट्याला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तिचा पगार पाहावा लागतो. मुंबईच्या संस्थेने वस्तीतल्याच बायांना 'बालपालिका' म्हणून शिकवायला सुरुवात केली ती यासाठी. मुलाशी बोलायचे कसे, रडणाऱ्याला घ्यायचे कसे, नऊ वर्षांच्या मुलाला गृहपाठाला न जुंपता अभ्यासाला कसे बसवायचे, हे शिकावे लागते. 'बायकांना ते येतेच' या समजुतीने या कामाचे फार नुकसान केले आहे. पगार कमी ठेवायला तीच समजूत उपयोगी पडते.

आईचे काम रात्रीचे असेल तर? 'प्रेरणा' या संस्थेने 1988 साली कामाठीपुऱ्यात रात्रीचे केंद्र काढले, देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी. संध्याकाळी मुले येतात, जेवतात, अभ्यास करतात, झोपतात आणि सकाळी शाळेला जातात. नंतर आपल्या शेजारी तुर्भ्यालाही हे काम सुरू झाले. शाळेच्या वेळेबाहेर मूल सांभाळण्याचा याहून कठीण नमुना मला माहीत नाही, आणि तो आपल्या खाडीच्या अलीकडे उभा आहे.

परदेशांत हा विषय केव्हाच सरकारी जबाबदारीत गेला. स्टॉकहोममध्ये 1887 साली गरीब घरांतल्या शाळकरी मुलांसाठी शाळेनंतरची कामघरे निघाली. त्यांतूनच पुढे आजची फुरसतघरे आली आणि ती नगरपालिकेची कायदेशीर जबाबदारी झाली. जपानमध्ये नोकरदार आयांनी वर्षानुवर्षे स्वतः चालवलेली शाळेनंतरची केंद्रे 1997 साली बालकल्याण कायद्यात आली. पुढे 2015 पासून प्राथमिक शाळेतल्या सर्व इयत्तांच्या मुलांना ती खुली झाली. दोन्हीकडे सुरुवात आयांनी आणि छोट्या संस्थांनी केली, कायदा मागून आला. आपल्याकडे सुरुवात होऊन पन्नासहून जास्त वर्षे झाली.

मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा साइट बंद झाल्या आणि केंद्रेही. आपल्याच महामार्गावरून माणसे चालत निघाली, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल. कळंबोली आणि पनवेलच्या नाक्यांवर अनेकांनी त्यांना पाणी, बिस्किटे दिली. कामे सुरू झाल्यावर टोळ्या परत आल्या, त्या जुन्या साइटवर आल्याच असे नाही. शाळा तर त्याहून कितीतरी उशिरा उघडल्या. त्या मधल्या काळात आठ-दहा वर्षांची मुले पूर्ण दिवस साइटवर होती, आणि शाळा उघडल्यावर त्यांना पुन्हा वर्गात नेणे म्हणजे पहिल्यापासून सुरुवात होती.

फिरत्या पाळणाघराच्या या संस्थेचा गौरव करायचा तर पनवेलला तो असा करता येईल. महानगरपालिकेच्या शाळांच्या इमारती दुपारनंतर रिकाम्या असतात. त्यांतल्या दोन-दोन खोल्या सकाळी सातपासून आणि शाळा सुटल्यापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत उघड्या ठेवाव्यात. नाक्यावरच्या बाईचे मूल आणि लोकलने जाणाऱ्या बाईचे मूल, दोघांना तिथे येता यावे. मे महिन्यात त्या पूर्ण दिवस उघड्या असाव्यात. सांभाळणाऱ्या ताया प्रशिक्षित असाव्यात आणि त्यांचा पगार वेळेवर व्हावा. साइटवरच्या मुलांचा खर्च बांधकाम उपकरातून घ्यावा, बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे फी द्यावी. बांधकाम परवाना देताना मजुरांच्या मुलांची खोली नकाशावर दाखवण्याची अट पालिका आणि सिडको आजही घालू शकतात, आणि त्या खोलीच्या दारावर वयाची अट सहाऐवजी चौदा लिहिता येते.